ज्ञानूच्या गाडीचे ब्रेक

३ मार्च १९७४, रविवार. कोरेगाव

पुढची दोन्ही चाकं काढली. ब्रेकचे ड्रम उतरवले. हातोडीचे चार ठोके, की सुटले! ज्ञानूला जाऊन चाळीस दिवस झाले. मला काहीच वाटलं नाही. हात धुतले, जेवलो.

गाडी जुनी अमेरिकन पिकअप, लढाईच्या काळातली. ज्ञानू, माझा धाकटा भाऊ, तिच्यातून आलं घेऊन चिपळूणला जायचा. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक लागला नाही. दरी टाळायला त्यानं गाडी डोंगराला घातली. गाडी वाचली. तो तिसऱ्या दिवशी कराडच्या दवाखान्यात वारला.

४ मार्च

तेराव्याला मीच चारचौघांत बोललो होतो — घाटात ड्रम तापतात, तापले की धरत नाहीत. आता डिस्क बसवतो. उघडी तबकडी, वारं लागतं, तापत नाही. बोललो ते खोटं नाही. मिलिटरीच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला उलटं कोण विचारणार? ‘नाथाजी म्हणतोय म्हंजे तसंच आसंल.’

डिस्क कोयनानगरच्या भंगारात मिळाल्या. प्रकल्पावरच्या कुणा परदेशी साहेबाच्या मोटारीच्या. दोन्ही तबकड्या जवळपास नव्या आहेत.

६ मार्च. सांगली

आप्पासोंच्या वर्कशॉपात डिस्क धरायला लेथवर ब्रॅकेट करून घेतले. चांगला माणूस, पण तोंडाला विसावा नाही. “नाथाजीराव, गाडीच आणून सोडा की हितं. समदं खोलून, धुऊन, दोन दिसांत बशिवतो.” मी हो म्हणालो. खरंच म्हणालो. दुसऱ्याच्या हातानं होऊ दे, आपण सुटलो!

७ मार्च

रंगूबाई नाही म्हणाली. ज्ञानूची बायको. धाकट्याची बायको थोरल्या दिराशी थेट बोलत नाही, आमच्यात तशी रीत आहे. लग्नापासून ती माझ्याशी आईच्या तोंडून बोलते. आजही दाराआड उभी होती. आई म्हणाली, “ती म्हणतीया, परक्याचा हात लागायचा न्हाई गाडीला. तूच कर.”

मला शिक्षा देतेय की काय? चोराच्या मनात चांदणं. तिला काय ठाऊक!

१० मार्च

डिस्क बसल्या. पण चाक हातानं फिरेना. ब्रेक सोडला तरी डिस्क धरूनच बसते. कारण मला माहीत आहे. पायाखालच्या मास्टर सिलिंडरात एक लहानसा व्हॉल्व्ह असतो, तो ड्रमसाठी थोडा दाब राखून ठेवतो. डिस्कला तो काढावा लागतो. म्हणजे मास्टर सिलिंडर खोलायचा.

आज नको.

११ मार्च

आज नको.

१३ मार्च

अर्जुना आला. रंगूबाईचा भाऊ. यापुढं गाडी तोच चालवणार. “आवं नाथाजीराव, गाडी कवा न्यायची? आलं लय पडून ऱ्हायलंय.” म्हणालो, शनिवारी. दोन लहान पोरं आहेत त्याला.

१४ मार्च

खोलला. आतली रबरं फुगून चिकट झालेली. बोटानं ओढलं तर तुकडा हातात आला.

लिहूनच टाकतो. जानेवारीत ब्रेकचं तेल कमी झालं होतं. कोरेगावात मिळेना, साताऱ्यातही मिळेना. ज्ञानूला सकाळी निघायचं होतं. मी ह्याच सिलिंडरात इंजिनचं तेल ओतलं! म्हटलं, एका खेपेला चालतंय. नव्या रंगरुटांना पहिल्याच दिवशी मीच शिकवायचो — ब्रेकमध्ये इंजिनच्या तेलाचा थेंब नको, रबर फुगतं, ऐन वेळी दगा देतं. एकाच्या चार खेपा झाल्या. मी तेल बदलायचं विसरलो. ड्रमचा काडीचा दोष नव्हता. लायनर अजून निम्मे शिल्लक आहेत.

रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. भाकरी खाल्ली.

१५ मार्च

नळ्या स्पिरिटनं धुतल्या. सिलिंडरातली आणि चारी चाकांच्या ब्रेकची रबरं नवी. तेल खरं. व्हॉल्व्ह काढला. चाक बोटानं फिरतं.

१६ मार्च, शनिवार

कुंभार्ली घाट उतरलो, परत चढलो. चालवायला मी, शेजारी अर्जुना. ब्रेक लागतात. प्रत्येक वळणाला लागतात. अर्जुना आपला खुशीत — “झ्याक काम केलंसा! ज्ञानूदाजी आसतं तर नाचलं आसतं!” ज्ञानूनं गाडी जिथं डोंगराला घातली तिथं मी थांबवली. सहज थांबली. अर्जुना उतरून नारळ फोडून आला. मी जागचा हललो नाही.

अर्जुनाला वाटतं ज्ञानूला ड्रमनं मारलं. सगळ्यांनाच वाटतं. त्या बिचाऱ्या लोखंडावर किती दिवस आळ घालू?

१७ मार्च

उद्या रंगूबाईला सांगणार. आईला मध्ये न घेता. मग तिनं या घराचं दार मला बंद केलं तरी हरकत नाही. भीती वाटते. इतक्या दिवसांत काहीतरी वाटतंय, हे पहिल्यांदाच.

१८ मार्च

सांगितलं. आई शेतावर होती. रंगूबाई ज्वारी निवडत होती. उठली नाही, दाराआड गेली नाही. थेट माझ्याकडं बघून बोलली —

“म्हाईत हाय, भावजी. त्येनी दवाखान्यात सांगितलं. तुमास्नी त्येल वतताना त्येनी बघितलं हुतं. दादा मिलिटरीतला, त्येला कळतंय, म्हणून गाडी घिऊन गेलं. म्हणालं, कुणाला कळू दिऊ नगंस. दुसऱ्या मेस्त्रीनं खोललं आसतं, तर गावभर झालं आसतं.”