ओढ्याच्या तोंडाची माती

सोलापूर,
२० ऑगस्ट १९७८

अक्का,

तर हो, तुझं पत्र मिळालं, आणि माती अजून पाठवली नाही हेही खरं. डोहाळे तुझे आणि आळस माझा, असं तू लिहिलंयस. आळस नाही गं. दाजींना नमस्कार. टेंभुर्णीत पाऊस आहे का? इथं नुसतं आभाळ.

मागच्या रविवारी गावी गेलो होतो. अव्वा चुलीपुढं बसून तुझ्यासाठी माती भाजत होती. तव्यावर खडे खालीवर करता करता एक तोंडात टाकला. मी म्हणालो, "अव्वा, तुला कशाचे डोहाळे?"

"गप की रं. चव बघाय नको व्हय? तुज्या टायमाला मी हीच खाल्ली, म्हणून तू एवढा शाना निपजलास."

शेजारची गोजरबाई म्हणते, "मग इंग्रजी शाळंत घालून बिगडलं म्हना की." लई हसलो.

माती आपल्या नेहमीच्या जागेचीच. ओढा नदीला मिळतो तिथं गाळ पसरतो ना, पंख्यासारखा. जिओग्राफीत डेल्टा शिकल्यावर मी त्यालाही डेल्टा म्हणायचो. तू म्हणायचीस, "डेल्टा तुजा, कोथिंबीर माजी." यंदा तिथं अव्वाची मेथी पण झकास आलीय.

बरं, लॅबमधली गंमत सांगतो. म्हणजे मला आधी गंमत वाटली. सोमवारी सरांनी सगळ्यांना आपापल्या गावची माती आणायला सांगितली. अव्वानं तुझ्यासाठी दिलेल्या पुडीतलीच मूठभर मी नेली. अ‍ॅसिडमध्ये उकळली, गाळली, वरून औषधाचे थेंब टाकले, तर टेस्ट ट्यूबमध्ये हळदीसारखा पिवळाधमक साका. दुसऱ्या कुणालाच तसा आला नाही. मी ट्यूब घेऊन सगळ्या टेबलांवरून मिरवून आलो.

सर हसले नाहीत. त्यांनी स्वतः परत करून बघितलं. "कुठली माती ही?"

"आमच्या ओढ्याची, सर. बायका खातात पण." बोलून गेलो आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

ते शिसं आहे, अक्का. वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात ती शेड आहे ना, तिचं पाणी ओढ्यातच सोडतात. अव्वाच्या वेळेला ती शेड नव्हती. तुझ्या वेळेला आहे. पोटात गेलेलं शिसं बाळापर्यंत जातं. हे पहिल्या ओळीत लिहायला पाहिजे होतं, आणि मी कोथिंबिरीचं लिहीत बसलो.

ती माती खाऊ नकोस. एक खडासुद्धा नाही. आधीच्या दोन पुड्या मीच एसटीच्या कंडक्टरकडं दिल्या होत्या, त्यातलं उरलंसुरलं दाजींना लांब पुरायला सांग. आणि दोघं लगेच इकडं या, डॉक्टरांना दाखवू. तुझ्या पोटात किती गेलंय ते माती बघून सांगता येत नाही, बाळ चांगलंही असेल, असं सर म्हणाले. मी मनानं लिहीत नाही.

अव्वाला अजून काही सांगितलेलं नाही. तुझी माती बंद करायला 'डॉक्टर नको म्हणाले' एवढं तिला पुरेल. पण त्याच गाळातली मेथी ती रोज खाते, बाजारात बसून विकते. ते थांबवायचं तर सगळं सांगावं लागणार. सगळं सांगितलं की ती आधी तुझं विचारणार, आणि मग आपल्या हातांकडं बघत बसणार. किती निगुतीनं भाजते गं ती.

तू बाळंत होईपर्यंत गप्प बसू, का उद्याच जाऊन सांगू? लोक तर भाजी घेतायत रोज. तू तिची थोरली, तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. तुला काय वाटतं?

तुझा, आणि अव्वाचाही,
शिवपुत्र