साहेब आले की उठायचं

प्रिय सविता,

दोनदा फोन केला, दोन्ही वेळा रामदाजींनी उचलला, म्हणून इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला. हे त्यांच्याशी बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस. देवळाली प्रवऱ्याला जाऊन दोन वर्षांत तू चांगली सुटलीस, असं भागूबाई सांगत होती. मला मात्र तू अजून इथेच, नगरच्या एमआयडीसीत, माझ्या शेजारच्या मशीनवर दातांनी दोरा तोडताना दिसतेस.

आम्ही अकरा जणींनी कामगार कार्यालयात अर्ज केला, हे तुझ्या कानावर आलं असेल. पाण्याच्या मोटारीत बसणारी तांब्याची कॉइल गुंडाळायची, काम तेच, मशीन तेच, पाळी तीच. पण कागदावर पुरुष ‘ऑपरेटर’ आणि आपण ‘हेल्पर’, म्हणून पगार कमी. एकाच कामाला बाई म्हणून कमी पगार देता येत नाही, असा कायदा आहे म्हणे. आमची लेक फलक वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने वाचून दाखवलं. आता घरात भाजीत मीठ का कमी, याचीसुद्धा उलटतपासणी होते.

मागच्या मंगळवारी चौकशीला अधिकारी आले, न सांगता. आणि सविता, पुढचं लिहिताना मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. दारातून कुणीतरी साहेब आले म्हणालं आणि आम्ही सगळ्या जणी उठलो. तुला ठाऊक आहे ना, बाहेरचे पाहुणे आले की बायकांनी भिंतीशी उभं राहायचं आणि पुरुषांनी मशीनवर बसायचं. त्या दिवशी आम्हाला कुणी उठा म्हणालं नव्हतं. चौदा वर्षांची सवय अंगात भिनलेली. अर्जावर पहिली सही माझी, आणि पहिली उठलेही मीच. माझ्या मशीनवर छगन बसला. मशीन कोण चालवतं, असं अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, “आमीच चालवतो साहेब. बाया हाताखाली हायेत.”

मी पुढे झाले. मी चालवून दाखवते म्हणाले, आणि त्यांनी दाखवू दिलंही. पण सगळी शेड बघत होती, मॅनेजर गालात हसत होता. घाईत मी तार जास्तच ताणली आणि तिसऱ्याच वेढ्याला ती तुटली. चौदा वर्षांत अशी तुटली नव्हती. अधिकाऱ्यांनी जे पाहिलं ते लिहून घेतलं. त्यांना तरी काय बोल लावू?

आता कंपनीचं म्हणणं असं, की बायकांनी कधी मशीन चालवलंच नाही. छगनचा राग येत नाही असं म्हणणार नाही. लई येतो. त्याला तार किती ताणायची हे तू शिकवलंस, त्याच्या मागून आलेल्या तिघांनाही तूच शिकवलंस. ते चौघं ऑपरेटर झाले आणि तू हेल्पर म्हणूनच घरी गेलीस. तेव्हा तू काही बोलली नाहीस, मीही नाही. दोघी बसस्टॉपवर भेळ खात बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

रामदाजींचा टेम्पो याच कंपनीचा माल वाहतो, हे मी विसरलेले नाही. त्यावर तुझं घर चालतं, सृष्टीचं कॉलेजही. एका शब्दावर ते काम बंद होऊ शकतं, हेही कळतं मला.

जाता जाता अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, या पुरुषांना काम शिकवलं कुणी? मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, पत्त्यासकट. साक्षीची नोटीस या आठवड्यात तुझ्या दारात येईल. ती हातात पडण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आधी तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि त्यानंतर माझ्याने तुझं नाव घेववलं नसतं. म्हणून विचारलं नाही. तू आली नाहीस, किंवा येऊन काही आठवत नाही म्हणालीस, तरी मी समजून घेईन, असं इथे लिहिलं होतं. ते खोडलं आहे. मी समजून घेणार नाही.

अजून तरी तुझीच,
सरवरी