सणाच्या संध्याकाळचा बेस

पप्पा, तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. दर वर्षी मी चर्चमध्ये तुमच्या नावाच्या मिस्साच्या प्रार्थनेला येते, कबरीवर मेणबत्ती लावते आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडत घरी परतते. यंदा कागदावर भांडायचं ठरवलंय.

मी दहावी पास झाले तेव्हा तुम्ही कुणा वादकाकडून जुनी बेस गिटार आणलीत. आपल्या सांडोर गावात मुलीच्या हातात बेस कुणी पाहिली नव्हती. कारखान्यातून आलात की तुम्ही स्वयंपाकघरातच स्टूल ओढून बसायचात, कारण आईलाही ऐकायचं असायचं. सिनेमाच्या थीमचा सूर तुमची गिटार धरायची, मी त्याखाली बेसचे जाड, खालचे सूर. मधेच कॅसेट थांबवून तुम्ही म्हणायचात, "सूर काय, कुणीही गुणगुणतं. त्याच्या खाली काय चाललंय ते ऐक." मी चुकले की ओरडायचा नाहीत, नुसती कॅसेट पुन्हा मागे घ्यायचात, आणि ते जास्त लागायचं. दोन वर्षांत मला भाजी चिरतानाही रेडिओवरच्या गाण्यातला बेस वेगळा ऐकू यायला लागला. हे तुम्ही दिलंत, नाकारत नाही.

मग आपल्या चर्चच्या, पॅरिशच्या सणाची ती संध्याकाळ. तुम्ही ज्यात गिटार वाजवायचात त्या बँडबरोबर चार थीम वाजवायच्या आहेत. आईने शिवलेल्या निळ्या ड्रेसमध्ये मी उभी आहे, स्पीकर सगळे लोकांकडे तोंड करून, ड्रम अगदी कानाशी. तरी मला बेस ऐकू येतोय, गोल, भरलेला, आणि मला वाटतंय, ही मी. खाली उतरल्यावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "छान वाजवलंस." त्या दोन शब्दांवर मी कित्येक वर्षं काढली.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या वर्षी तुमच्या बँडचे कीबोर्डवाले काका एका लग्नात भेटले. जुन्या गमती सांगता सांगता म्हणाले, सणाच्या त्या संध्याकाळी तुझ्या गिटारची वायर साउंडच्या मिक्सरला लावलीच नव्हती, बेस मी कीबोर्डवर डाव्या हाताने वाजवत होतो. "तुझ्या पप्पांनीच सांगितलं होतं. पोरगी उभी राहू दे, पण गावासमोर चुकली तर मी तोंड कुठे दाखवू, म्हणाला." मी हातातली प्लेट खाली ठेवली आणि न जेवताच घरी आले.

वाजवू नकोस म्हणाला असतात, तर मी रडले असते, भांडले असते, कदाचित विसरलेही असते. तुम्ही मला उभं केलंत आणि मुकं ठेवलंत. वर कौतुक केलंत. कशाचं, पप्पा? ड्रेसचं? आता तुमचा प्रत्येक चांगला शब्द मला संशयाने आठवतो, आणि विचारायला तुम्ही नाही. त्या लग्नानंतर महिन्याभरात मी विरारच्या एका बँडमध्ये गेले. पहिल्याच दिवशी सांगितलं, माझी वायर मीच लावणार. आजही मीच लावते.

हे पत्र कबरीवर ठेवणार होते. आता नाही ठेवणार, कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. तिसऱ्या थीमच्या मधे मी हरवले होते. माझी बोटं तारांवर थांबली होती, आणि बेस चालूच होता. मी तो ऐकला, पप्पा. पुन्हा बोटं हलवायला लागले, आणि लोकांकडे बघून हसले.