घड्याळ अडकवायची फळी

नाना, तुम्ही कारखान्यातल्या विजेच्या मोटारीच्या खोक्याच्या लाकडातून करून दिलेली ती फळी अजून माझ्या टेबलावर असते. वरच्या कोपऱ्यात स्टॉपवॉच अडकवायला वाकवलेला खिळा, मधे कागद धरायला चिमटा. कडा तुम्ही दोन दिवस घासत होतात. "हाताला कुसळ लागलं तर आकडा चुकंल," म्हणाला होतात. परवा रविवारी ती वर्गात घेऊन गेले. तुम्हाला हे माहीत नाही, पण गंगापूर रोडवरच्या ज्या कॉलेजात मी शिकले, त्याच कॉलेजात आता मी शिकवते. वर्ग तोच, नोकरी करून मॅनेजमेंट शिकणाऱ्यांचा. कामाची वेळ कशी मोजायची ते सांगत होते. एकाने विचारलं, "मॅडम, तुमचा स्वतःचा अनुभव सांगा ना." मी दुसऱ्याच कुठल्या कारखान्याची गोष्ट सांगितली.

मी त्या वर्गाला जायला लागले तेव्हा बी.कॉम. होऊन चार वर्षं झाली होती. सातपूरच्या एकाच कारखान्यात आपण दोघं बापलेक, मी ऑफिसात कारकून आणि तुम्ही पॅकिंगला. संध्याकाळी वर्ग सुटला की तुम्ही फाटकाशी सायकल धरून उभे. "आज काय शिकिवलं?" हा पहिला प्रश्न. मी मागे बसून सांगायची आणि दुसऱ्या दिवशी ते शब्द पॅकिंगमध्ये पोचलेले असायचे. तुमच्या शेजारी काम करणारे चांदवडचे मामा, आपल्याच गावाकडचे म्हणून मामा, एकदा माझ्यादेखत म्हणाले होते, "नाना, ते मोटिवेशन जरा ऱ्हाऊ द्या आन् खिळं सरकवा इकडं." तुम्ही चिडला नव्हतात. उलट तुम्हाला ते आवडलं होतं.

दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा होता. मी पॅकिंग खातं निवडलं. परवानगी लवकर मिळेल म्हणून, आणि तुम्ही तिथे होतात म्हणूनही. घड्याळवाला समोर उभा राहिला की हात आपोआप जड होतात, हे सातपुरात नव्याने लागलेल्यालाही कळतं. कोणाला तहान लागते, कोणाची हातोडी पडते. त्या दिवशी ठरेल ती वेळ पुढे कित्येक वर्षं अंगावर वागवायची असते, म्हणून. तुम्हाला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या सकाळी तुम्ही बाकीच्या सहा जणांना गोळा करून म्हणालात, "आपली ताई यायलीय. परीक्षा हाय तिची. हात चालवा. पोरीचा कागद लय भारी झाला पायजे."

मी फळी धरून उभी आहे. पेंढा पडतो, मोटार बसते, झाकण येतं, खिळे बसतात, पट्टी आवळली जाते आणि खोकं सरकतं. तुम्ही खिळे ओठांत धरले आहेत, पाठीवर सदरा ओला झालाय, आणि मधूनच माझ्याकडे बघताय. मामा ओरडतात, "ताई, घड्याळ बघा बरं, बंद पडलं असंल!" सगळे हसतात. मीही हसते.

वेळ मोजायच्या तक्त्यात एक रकाना वेगाचा असतो. माणूस नेहमीच्या वेगाने काम करतोय की त्याहून जास्त, हे मोजणाऱ्याने स्वतः ठरवायचं. नेहमीचा वेग म्हणजे शंभर; त्याहून जास्त लिहिलं की कामाला ठरणारी वेळ तेवढी वाढवून धरतात. मी बघत होते ती शर्यत होती. मी सातही जणांपुढे शंभर लिहिलं. जास्त लिहिलं तर तुमचं ते दोन तासांचं काम खोटं ठरवल्यासारखं होईल असं वाटलं, हे खरं आहे. शंभर लिहिलं की तोंडी परीक्षेत कोणी काही विचारणार नाही, हेही तितकंच खरं आहे. त्यातलं आधी काय सुचलं, ते मला आज सांगता येत नाही.

प्रोजेक्टची एक प्रत मॅनेजरसाहेबांना द्यायची, ही परवानगीची अट होती. दिवाळीनंतर फळ्यावर नोटीस लागली. पॅकिंगची रोजची खोकी वाढली आणि कायम नसलेल्या तिघांना कमी केलं. त्यात मामा होते. फाटकाशी ते म्हणाले, "पोरगी पास झाली नाना, आपण नापास." त्यांनी हसून दाखवलं. तुम्ही हसला नाहीत. उरलेल्या चौघांना, माझ्यासाठी दोन तास केलेलं, आता रोज आठ तास करायचं होतं. होळीपर्यंत तुमचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सदरा आई काढून द्यायची.

एका संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी तुम्हाला विचारलं, "नाना, मी साहेबांना सांगू का, ती वेळ खरी नव्हती म्हणून? पुन्हा मोजा म्हणते."

"गप बस," तुम्ही म्हणालात. मोठ्या आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. "तुझा कागद खोटा पडंल. आधी सर्टिफिकेट हातात येऊ दे."

"आणि तुमचा खांदा?"

"खांदा माझा हाय. तो कोणी तपासायला मागत नाय."

आई म्हणाली, "जेवा आता." तुम्ही डाव्या हाताने भाकरी मोडलीत.

सर्टिफिकेट आलं तेव्हा तुम्ही पॅकिंगमध्ये पेढे वाटलेत. मामांचा पेढा चांदवडला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवलात. पोचला की नाही, ते कळलं नाही. रिटायर होऊन वर्ष व्हायच्या आत तुम्ही गेलात. डॉक्टर हृदय म्हणाले. खांद्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असंही म्हणाले. मी विचारलं म्हणून म्हणाले.

रविवारी एकाने आणलेल्या तक्त्यात सगळीकडे शंभर होतं. मी विचारलं तर म्हणाला, "आमची माणसं फार चांगली आहेत, मॅडम." मी त्याला पुन्हा मोजायला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. का, ते सांगायला हवं होतं. मी फळी पिशवीत घातली आणि रिक्षा धरली.

तुम्हाला लिहिलेले हे कागद मी फळीच्या त्या चिमट्यातच लावून ठेवणार आहे. नाना नको म्हणाले म्हणून मी साहेबांकडे गेले नाही, असं आईला सांगितलं, पुढे नवऱ्याला सांगितलं, स्वतःला तर किती वर्षं सांगतेय. तुम्ही नको म्हणाल, हे मला भाकरीच्या ताटापुढे बसण्याआधीच माहीत होतं, नाना. म्हणूनच मी तुम्हाला विचारलं.