वरची बाजू उघडी राहिली

चऱ्होली,
१८ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप ताईस,
सयाजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून आपलं जुनं पोस्टच बरं. घरी सगळे खुशाल. तुझे सांडगे पोचले. तुझ्या लाडक्या भावजयीने, विजयश्रीने, अर्धे लपवून ठेवलेत, मी लपवल्याची जागा शोधून काढली आहे.

गेल्या गुरुवारी तळवड्यात थर्माकोलचं पॅकिंग करणाऱ्या एका शेडला आग लागली. भरदिवसा. आमची अग्निशमनची गाडी गेली. बारा बायका बाहेर आल्या, एक राहिली. शहाजादी तिचं नाव. मागच्या दाराला बाहेरून माल रचलेला होता. त्या दाराशीच ती मला सापडली. धुराने गेली होती.

तू मागे विचारलं होतंस की गेलेल्या माणसापाशी आम्ही काय करतो. फार काही नाही गं. पाईप ओलांडतो तसं माणसाला ओलांडत नाही. बॉडी म्हणत नाही, ताई म्हणतो, काका म्हणतो. घरच्यांना समक्ष कळेपर्यंत वायरलेसवर नाव घेत नाही. पंचनाम्याआधी हलवता येत नाही, म्हणून गाडीतून चादर येईपर्यंत आम्ही चौघांनी ताडपत्री धरून आडोसा केला. पण पत्रा जळून खाली आलेला. वरची बाजू उघडी राहिली.

शेजारच्या कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला. आमचे साहेब तिच्या नवऱ्याला, नूरमोहम्मदला, सांगायला जीप घेऊन त्याच्या गॅरेजवर गेले, तेव्हा तो आधीच मोबाईल धरून जमिनीवर बसला होता. मुलीला, जास्मिनला, ती नोकरीला आहे त्या लॅबमध्ये कुणीतरी दाखवला. तिने ओढणीवरून आई ओळखली.

तुझा सुजित नोकरीला आहे तीच ही कंपनी. कोण होतं ते बघ म्हणालो, तो बघतो म्हणाला. तो माणूस सापडला तर मी काय करीन, मलाच माहीत नाही.

तब्येत जप. माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझा,
सयाजी


भूम,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सयाजीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. पण तू असा खचू नकोस बाबा. एकवीस वर्षं झाली तुला या नोकरीत, अजून प्रत्येकाला घरी घेऊन येतोस. सांडगे उन्हाळ्यात आणखी घालीन, विजयश्रीला सांग, कुलपात ठेव.

आनंदाची गोष्ट अशी की सुजितचं जमलं. मुलगी निशिगंधा, बी.कॉम., इथलीच. माणसं तोलामोलाची आहेत. सुपारी मार्चमध्ये. मामा म्हणून पुढे तुलाच उभं राहायचंय, तेव्हा रजा आधीच टाक. मागच्या वेळेसारखं ऐनवेळी गाडी निघाली असं चालणार नाही.

आणि एक सांगू? तो व्हिडिओ मी पाहिलाय. तू घरच्या ग्रुपमधून रुसून बाहेर पडलास, तुला काय कळणार! सुजितने साडेबाराच्या आतच टाकला होता, बातम्यांत यायच्याही आधी. टोप काखेत धरून खाली मान घालून उभा होतास. मला रडूच आलं. अंगणवाडीतल्या बायकांना दाखवला, हा माझा भाऊ म्हणून. त्यांनी मागितला तेव्हा त्यांनाही पाठवला. त्या बाईचं वाईट झालं, पण तुझं सगळे नाव काढत होते.

काळजी घे. तुझ्यावरचा जीव कमी व्हायचा नाही.
कुसुमताई


चऱ्होली,
२ मार्च २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

आम्ही ताडपत्री धरली तेव्हा बारा वीस झाले होते. साडेबाराच्या आत तो व्हिडिओ दुसऱ्या कुणाकडून येऊन सुजितने पुढे पाठवणं मला जुळेना. मी त्याच्या खोलीवर गेलो. आधी म्हणाला, कुणीतरी पाठवलं. मग मी मोबाईल मागितला तेव्हा त्याने तो उघडून पुढे केला. त्यानेच काढलाय. कॅन्टीनच्या खिडकीतून. घरच्या ग्रुपवर टाकला आणि मित्रांच्या ग्रुपवरही, तिथून तो सगळीकडे गेला.

मामा, सगळेच काढत होते, असं म्हणाला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. तुझ्या मुलावर हात उचलला, हे तुला माझ्याकडूनच कळावं. त्या कंपनीत त्याला मीच चिकटवला होता, ताई. तिथल्या साहेबांच्या पाया पडून.

दोन आठवडे तो माझ्या घरी जेवून जात होता आणि मी त्यालाच विचारत होतो, कुणी काढला काही कळलं का.

येत्या रविवारी त्याला घेऊन नूरमोहम्मदकडे जाणार आहे. तो हो म्हणालाय.
सयाजी


भूम,
६ मार्च २०२५

सयाजी,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. मी त्याला या वयापर्यंत कधी बोट लावलं नाही आणि तू मारलंस. कशासाठी? त्याने आग लावली होती? दाराला माल त्याने रचला होता? माल रचणारा शेडचा मालक मोकळा फिरत असेल आणि तू घरच्या पोराला धरून परक्याच्या दारात उभा करणार. त्यांनी पोलिसांत दिलं म्हणजे? निशिगंधाच्या घरी कळलं म्हणजे?

सुजितला मी इकडे बोलावून घेतलंय. त्या बाईचं जे व्हायचं ते झालं. तुझ्या जाण्याने ती उठून बसणार नाही.

तू लहान असताना आई गेली, तेव्हा तुला मी सांभाळलं. त्याची आठवण ठेवून तरी गप्प बस. गेलास, तर सुपारीला येऊ नकोस. मामाच्या जागी दुसरं कुणी उभं राहील.
कुसुम


चऱ्होली,
११ मार्च २०२५

ती. ताईस,
सयाजीचा नमस्कार. तू घेणार नाहीस, तरी घालतो.

तुझं पत्र काल पोचलं, म्हणजे मी जाऊन आल्यावर. आधी पोचलं असतं तरी गेलो असतो.

रविवारी सुजितच्या खोलीला कुलूप होतं. एकटाच गेलो. रोजे चालू असूनही नूरमोहम्मदने मला पाणी दिलं. ते हातात धरून मी सांगितलं, की व्हिडिओ काढणारा माझा भाचा आहे. त्याने उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाला, तुम्ही येत जा, त्याला आणू नका. पोलिसांत जाणार का, हे मी विचारलं नाही. त्याने काय करायचं ते त्याचं तो ठरवील. माझ्याकडे विचारणा झाली तर मी सुजितचं नाव सांगेन.

दाराचं म्हणालीस, ते खरं आहे. माल कुठे आणि कसा रचला होता, ते मी सहीनिशी लिहून दिलंय. म्हणून सुजितचं मिटत नाही.

निघताना जास्मिन आतून आली. म्हणाली, व्हिडिओ बावीस सेकंदांचा आहे, तुम्ही टोप काढून काखेत धरता तिथे संपतो. डोळे मिटले की मला तेवढंच दिसतं. त्याच्यापुढे काय झालं?

मी सांगितलं. की मी गुडघ्यावर बसलो. डोळे उघडे होते, ते मिटले. ओढणी सरकली होती, ती डोक्यावर घेतली. चादर आली ती धुतलेली होती. पोलीस येईपर्यंत सव्वा तास आम्ही तिथून हललो नाही, तिला एकटं सोडलं नाही. मग चौघांनी उचललं, ओढलं नाही. ती म्हणाली, परत सांगा. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगून झालं, तेव्हा ती आत निघून गेली.

सुपारीला येणार नाही. निशिगंधाला माझे आशीर्वाद. तू मला सांभाळलंस, ते मी विसरलेलो नाही.

एकच मागतो. तुझ्या मोबाईलमध्ये ते अजून असेल. पुसून टाक, आणि ज्यांना पाठवलंस त्यांच्या घरी जाऊन त्यांनाही पुसायला लाव. झालं की पोस्टकार्डावर तेवढंच कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

सयाजी