सत्तर अंशांचा गुडघा

३ जून, सकाळ
आजपासून शिस्त. नात फिजिओथेरपी शिकते. तिच्या कॉलेजची परदेशातल्या कॉलेजशी अदलाबदल ठरली आहे: आपली एक मुलगी सहा महिने तिकडे, तिकडची एक इकडे. निवडीसाठी एका पेशंटवर सहा आठवडे उपचार करून रिपोर्ट द्यायचा. पेशंट मी. ऑपरेशन झालेला माझा उजवा गुडघा सत्तर अंशच वाकतो, तो शंभर व्हायला हवा. म्हणजे पोरीचं भवितव्य माझ्या पायात. तिने भिंतीवर तक्ता लावला आहे. व्यायाम रोज तीनदा, दर वेळी गुडघा दहादा वाकवायचा, केला की खूण. पेन्सिल कानामागे ठेवली. शिंपीकाम करायचो तेव्हाही तिथेच असायची.

४ जून
दहाऐवजी चार वेळा वाकवला. दुखला. दुखलेले चार म्हणजे दहाच. खूण केली.

९ जून
व्यायाम नाही. मन लागेना. खूण केली, नाहीतर तक्ता भुंडा दिसतो. ही म्हणाली, पाय हलवा, पेन्सिल काय हलवताय? चाळीस वर्षं मशीनचं पायडल मारलंय, तो व्यायाम शिल्लक आहे, असं सुनावलं. म्हणाली, मग तसं गुडघ्याला कळवा.

१७ जून
नातीने दोन पट्ट्यांच्या यंत्राने कोन मोजला. बहात्तर. तिचं तोंड उतरलं. तक्ता बघून म्हणाली, आजोबा, तुम्ही इतकं करताय, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. धड जेवली नाही. यंत्र तपासून घे म्हटलं. माप घेणं ही कला आहे. उद्यापासून सहा वेळा व्यायाम.

१८ जून
उद्यापासून.

२६ जून
नातीने सगळे व्यायाम बदलले. कॉलेजात मॅडमनी तिला झापलं. खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण पोर खचली असती. शिवाय निवड झाली तर ती सहा महिने नसणार. तेव्हा माझ्याकडे कोण बघणार, हे कोणी विचारलेलं नाही. अर्थात तो मुद्दा नाही.

२ जुलै
खुणा करायला सारखं उठून गुडघा दुखतो. चौदा तारखेपर्यंतच्या सगळ्या आजच करून टाकल्या. गिऱ्हाइकांचं कामही मी मुदतीआधी देत असे. एक-दोन गिऱ्हाइकं वेगळं सांगतील.

४ जुलै
नातीने रिपोर्टसाठी तक्त्याचा फोटो काढला. मग मोबाइल डोळ्यांजवळ नेला. विचारलं, आजोबा, दहा तारखेचा व्यायाम कसा झाला? म्हटलं, बरा झाला, थोडं दुखलं. ही स्वयंपाकघरात खोखो हसली. नात हसली नाही. खोलीचं दार लावून घेतलं.

५ जुलै
नात बोलत नाही. रिपोर्ट पहिल्यापासून लिहिते आहे. मी व्यायाम केला. दहाच्या दहा. तिन्ही वेळा. खूण करायला जागा नाही.

२० जुलै
निवड झाली! रिपोर्टचा विषय बदलला होता: पेशंट थेरपिस्टशी खोटं का बोलतात. मॅडम खूश. म्हणजे मी मुकाट्याने व्यायाम केला असता, तर पोर घरीच बसली असती. हे हिला नीट समजावलं. ऐकता ऐकता उठून गेली.

२ सप्टेंबर
नात गेली. निघताना गुडघा मोजला. चौऱ्याहत्तर. माझ्या पाया पडली तेव्हा गुडघ्यावर हात जरा जास्तच वेळ ठेवला. घर मोठं झालंय.

५ सप्टेंबर
आज तिकडची मुलगी माझा गुडघा बघायला आली. तिला आपली भाषा येत नाही. म्हणजे मागचं काही माहीत नसणार. नवा तक्ता, नवी शिस्त. ताठ बसलो. तिने बॅगेतून नातीचा रिपोर्ट काढला, त्यातला फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग गोड हसून माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली.

हे पेनाने लिहितो आहे.