हुकमातली गाळलेली ओळ

मी किसनराव तुळशीराम मगर, वय बासष्ट, सेवानिवृत्त कोर्ट कारकून, राहणार मौजे पुसेगाव, तालुका हिंगोली, जिल्हा परभणी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. छाती दुखते, डोके ठिकाणावर आहे. मला जे ऐकू येते ते पुढे लिहिले आहे. त्यावरून कोणी मला वेडा ठरवू नये म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर, दोन म्हशी व पोस्टातील शिल्लक पत्नी पद्माबाई हिची. पुतण्या रामजी याने घरावर डोळा ठेवू नये. आईच्या आजारपणात त्याने बैलगाडी दिली नाही, हे मी विसरलेलो नाही.

२. ओढ्याकाठची चार एकर जमीन तांड्यावरच्या जिवनबाई धनसिंग राठोड हिला द्यावी. तिच्या नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. कारण लिहिणे भाग आहे.

सन १९७१ मध्ये धनसिंगने जिवनबाईला टाकले. परगावच्या कोर्टाने लेकरांची पोटगी ठरवली: मुलाला दरमहा पंधरा रुपये, मुलीला दहा. धनसिंग आमच्या हद्दीतला, म्हणून हुकूम वसुलीसाठी माझ्या टेबलावर आला. तो माझी हीच जमीन बटईने करीत होता. म्हणाला, "मालक, दोघांचं भरू लागलो तर बियाणं कुठून आणू?"

मी मुलापुरता भाग रजिस्टरला चढवला. मुलीचा चढवला नाही. न्यायाधीश साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

जिवनबाई आली. "साहेब, लेकरं दोन हायेत. पैसे एकाचेच काहून?"

"हुकूम एवढाच आहे," मी म्हणालो. तिला वाचता येत नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळात ती आठ वर्षांच्या मुलीला घेऊन खडी फोडायला गेली. वय लहान, म्हणून तिथल्या हजेरीपटावरही मुलगी नव्हती. उन्हात कोसळली ती उठलीच नाही.

तेव्हापासून कोर्टात शिपायाने कोणाचाही पुकारा केला, की दाराशी बारीक आवाज येई, "हाजर." मी वळून बघे. कोणी नसे. निवृत्तीनंतर आवाज घरी आला. पद्माबाई मला जेवायला हाक मारते आणि माझ्याआधी ती मुलगी ओ देते.

३. मूळ हुकूम माझ्या पेटीत आहे. या कबुलीसह तो कोर्टात द्यावा. धनसिंगने माझ्या तिरडीला खांदा लावू नये. मोह दोघांचा होता, पण टाक माझ्या हातात होता.

४. काल जिवनबाईला बोलावून कलम दोन वाचून दाखवले. खरे काय ते तिला प्रथमच कळले.

"वावर घेते. पोराला व्हईल. माफी मातर मागू नका." उठता उठता म्हणाली, "एवढं लिवलं साहेब, पर माझ्या पोरीचं नाव यात कुठं हाय?"

मी कागद पुन्हा पाहिला. नव्हते.

म्हणून वर जिथे जिथे 'मुलगी' असे लिहिले आहे, तिथे 'झमकू धनसिंग राठोड' असे वाचावे.

दोन्ही साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचून सही केली.

किसनराव तुळशीराम मगर

साक्षीदार:
ग्यानोबा मारोती खिल्लारे (सही)
गुलाबसिंग खेमा पवार (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम पुसेगाव, ९ डिसेंबर १९७७